एकावर पूज्य

मोनिकाच्या शोरूममध्ये गिऱ्हाइकाला गिऱ्हाईक म्हणायला बंदी होती. 'पाहुणे' म्हणायचं. पुण्याहून आलेल्या समर्थ सरांनी हा हुकूम काढला होता. सर शोरूमचे मॅनेजर, वय सत्तावीस. माणूस कसा ओळखावा याचं त्यांचं रीतसर प्रशिक्षण झालं होतं. ते एका चांगल्या हॉटेलात, दुपारच्या जेवणासकट झालं होतं.

पाहुणे म्हटल्यावर नगर जिल्ह्यातली माणसं पाहुण्यांसारखीच यायची. एका गाडीची चौकशी करायला सहा जण. त्यातल्या चौघांना गाडी घ्यायचीच नसे, पाचव्याला चालवता येत नसे, आणि ज्याला खरोखर घ्यायची आहे तो सहावा बाहेर टपरीपाशी तंबाखू मळत उभा असे. हा सहावा ओळखायचा, एवढंच मोनिकाचं कसब. बाकीचे सेल्सवाले पुढाऱ्यासारख्या दिसणाऱ्या माणसाला कॉफी पाजत बसायचे. मोनिका पाण्याचा ग्लास घेऊन थेट टपरीवर जायची. "दादा, आत या की. उन्हात कशाला?" त्यावर गाडी निम्मी विकली जायची.

उरलेली निम्मी विकायला मात्र जीव काढावा लागे. पैसे भरेपर्यंत पाहुणा राजा. भरले की घरचा, म्हणजे त्याला कोणी विचारत नाही. मग आठ दिवसांनी कंपनीच्या यंत्राचा फोन जायचा. "आमच्या विक्री प्रतिनिधीला एक ते दहापैकी किती गुण द्याल?" तेवढ्या मिनिटापुरता तोच माणूस परीक्षक व्हायचा. दहा म्हणजे पास आणि नऊ म्हणजे नापास. हा नियम ज्या साहेबांनी काढला त्यांची शाळेतली गुणपत्रिका एकदा बघावी, असं मोनिकाच्या फार मनात होतं.

कारण या जिल्ह्यात कुणी कुणाला दहा देत नाही. लग्नात पाचवी जिलबी संपवून ढेकर देत माणूस म्हणतो, "बरं हुतं." पोरगा कलेक्टर झाला तरी बाप पारावर सांगतो, "लागला कुठंतरी सरकारात." मोनिकाच्या घरी तर या शास्त्राचं विद्यापीठच होतं. तिची सासू बनुबाई. मोनिका तिला आत्या म्हणायची. आत्यांच्या मापात तीनच आकडे होते. रोजच्या स्वयंपाकाला 'खायाजोगं'. सणावाराच्या स्वयंपाकाला 'चालंल'. आणि सगळ्यात वरचा, 'वाईट न्हाई'. हा वरचा आकडा मोनिकाला लग्नानंतर एकदाच मिळाला होता, ज्ञानेश्वरी जन्मली तेव्हा. आत्यांनी दुपटं बाजूला करून नातीचं तोंड पाहिलं आणि म्हणाल्या, "वाईट न्हाई."

ती ज्ञानेश्वरी आता दहावीला होती, आणि नेमकं त्याच वर्षी शोरूमच्या मालकांनी जामखेडला एक छोटं दुकान काढायचं ठरवलं. पत्र्याची शेड, एक गाडी, एक टेबल आणि एक माणूस. तो माणूस कोण, हे कंपनीच्या गुणांवर ठरणार होतं. सर मीटिंगमध्ये म्हणाले, "ही शिक्षा नाही, संधी आहे." मग म्हणाले, "ज्याचे गुण सगळ्यात कमी, त्याला ही संधी."

रोज पहाटेची एसटी, रात्री परत. नवऱ्याची एमआयडीसीत पाळी, आज दिवसाची तर उद्या रात्रीची. आत्या म्हणजे 'बाईनं संध्याकाळच्या आत घरात पाहिजे' या मताच्या. आणि ज्ञानेश्वरी आई घरात असली की पुस्तकात बघायची, नसली की मोबाईलमध्ये. मोनिकाला जामखेडचं काही वावडं नव्हतं. फक्त हे एक वर्ष तेवढं जायला हवं होतं.

अशा वेळी खर्ड्याहून गोरक्षनाथ आले.

खर्ड्याला त्यांचं दूध संकलन केंद्र होतं. माणूस गडगंज, पण कपड्यांवरून कळू नये याची पुरेपूर काळजी घेतलेली. ते टपरीवर उभे होते आणि मोनिकाने त्यांना बरोबर ओळखलं. पण आत आल्यावर तिच्या लक्षात आलं की तिचा नेम चुकलाय. सहावे ते नव्हतेच. सहावी त्यांची बायको होती, झुंबरबाई. ती एका गाडीत मागच्या सीटवर डोळे मिटून बसली होती.

"झोप लागली का काकू?" मोनिकाने विचारलं.

"झोपंल कशाला? बसून बगतीय." झुंबरबाईंनी डोळे न उघडताच विचारलं, "हिच्यात दुदाचा वास बसंल का?"

बाकीच्या सेल्सवाल्यांनी या प्रश्नावर सीटच्या कापडाचं इंग्रजी नाव सांगितलं असतं. मोनिका म्हणाली, "बसंल की. एकदा कॅन कलंडली की महिनाभर नाक धरून बसाल. दूध टेम्पोतच न्या, काकू."

झुंबरबाईंनी डोळे उघडले. "आवो, हिकडं या," त्यांनी नवऱ्याला हाक मारली, "ही बाय खरं बोलती. हिच्याकडनंच घ्या."

समर्थ सर लगबगीने मदतीला आले आणि त्यांनी छताची काच उघडून दाखवली. "काकू, वर बघा. आकाश!"

"आमच्या गोठ्याच्या पत्र्यातनं बी दिसतं," झुंबरबाई म्हणाल्या. "पर तिथं जादा पैसं न्हाईत पडत."

गाडी ठरली. न्यायच्या दिवशी शोरूमने आपल्या रिवाजाप्रमाणे लाल रेशमी कापड टाकून गाडी झाकली, गाणं लावलं आणि केक आणला. त्या दिवशी नेमकी झुंबरबाईंची चतुर्थी. त्यामुळे केक सरांनी खाल्ला, पाहुण्यांच्या वतीने. झुंबरबाईंनी पिशवीतून नारळ, हळदकुंकू आणि चार लिंबं काढली. ती चाकांखाली चिरडताना सर फरशीकडे बघत होते आणि गोरक्षनाथ सरांकडे.

मग मोनिकाने शिकवणी घेतली. प्रत्येक गाडीमागे ती ही शिकवणी घ्यायची. "काका, आठ दिवसांनी फोन येईल. यंत्र बोलतं, त्याच्याशी वाद घालायचा नाही. आधी एक दाबायचा, मग शून्य. दहा! गाडी कशी? दहा. मोनिका कशी? दहा. कॉफी कशी?"

"फुळकवनी," गोरक्षनाथ म्हणाले.

"तरी दहा!"

झुंबरबाईंनी गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला, लेकराच्या कानावर ठेवावा तसा. "हळू बोल, बाय," त्या म्हणाल्या. मोनिकाला वाटलं गाण्याच्या आवाजाने त्यांचं डोकं उठलंय. तिने गाणं बंद करायला सांगितलं.

आठवड्याभराने समर्थ सरांनी तिला काचेच्या खोलीत बोलावलं.

"मॅडम, खर्ड्याचे पाहुणे. गुण किती, ओळखा."

"नऊ?" मोनिकाने धसकून विचारलं.

"एक."

"एक... कमी?"

"एक! दहापैकी एक! मॅडम, गाडीने पेट घेतला तरी माणूस दोन देतो. तुम्ही त्यांना केलंत तरी काय?"

मोनिका बाहेर आली आणि पार्किंगमध्ये उभं राहून तिने खर्ड्याला फोन लावला. गोरक्षनाथांच्या आवाजात नुसता आनंद. "बोला ताई! आला हुता फोन. दिलं बरं का मार्क! हिनं सवता दाबलं!"

"काय दाबलं, काका?"

"अकरा! एक, आन् पुन्ना एक!"

मोनिकाने डोळे मिटले. यंत्राला दहाच्या पुढे मोजता येत नव्हतं. त्याने पहिला एक घेतला, पुढे शून्याची वाट पाहिली, शून्य आलं नाही म्हणून दुसरा एक टाकून दिला आणि आभार मानून फोन ठेवला.

तिने सरांना जाऊन हे सांगितलं. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे प्रशिक्षण देण्यात तुम्ही कमी पडलात." पण एक वाट होती. एवढे कमी गुण पडले की कंपनीच्या मोठ्या ऑफिसातून जिवंत माणसाचा फोन जातो, आणि पाहुण्याला गुण बदलता येतात. तो फोन रविवारी दुपारी जाणार होता. "त्यांनी फक्त दहा म्हणायचं. नाहीतर जामखेड तुमचंच." जरा थांबून सर म्हणाले, "संधी म्हणून."

रविवारी मोनिका पेढे घेऊन खर्ड्याला गेली. निघताना आत्यांनी विचारलं, "सुट्टीच्या दिशी कुठं?"

"गिऱ्हाइकाकडं."

"विकली न्हवं गाडी? मग आता काय राह्यलं?"

काय राहिलं ते सांगत बसायला वेळ नव्हता. एसटी लागली होती.

खर्ड्याला गाडी अंगणात उभी होती, वर गोधडी घातलेली, समोर बिब्बा, लिंबू आणि मिरच्या. मोनिकाला पाटावर बसवलं, जेवायला वाढलं. शेंगोळे, भाकरी, वर तेलाची धार. "घ्या ताई. अजून घ्या. न्हाई म्हनू नका." मोनिका हात धुवून मुद्द्यावर आली.

"काकू, आत्ता फोन येईल. तेवढं दहा म्हणा."

"न्हाई," झुंबरबाई म्हणाल्या.

"का हो?"

"दहावा मेल्या मानसाचा असतो, बाय. नव्या गाडीच्या तोंडावर दहा म्हनायचं? त्या दिशी तू तिथं दहा दहा करत हुतीस तर म्या गाडीचं कान झाकलं."

"पण काकू, दूध दहा लिटर म्हणता की."

"दूद सकाळी येतं आन् सांजंला संपतं. गाडी तशी संपवायची का?"

झुंबरबाई पदर सावरून बसल्या. "माझा बाप जवारी मापायचा. पयल्या मापाला कदी एक म्हनला न्हाई, 'लाभ' म्हनायचा. तोंडातनं काय काढायचं, याला काय रीत हाय का न्हाई? आन् शुभाला वर एक ठेवावा लागतो. म्हनून म्या अकरा दिलं. दहापैकी अकरा! नगरात कोन देतं तुला?"

"कुणीच नाही," मोनिका म्हणाली. ते खरं होतं. "पण यंत्राला कळत नाही."

"मग यंत्राला शिकवा की. आमाला काय शिकवताय?"

मोनिकाने आपली सगळी पोतडी उघडली. घरात दहावीची पोर आहे म्हणाली, नवऱ्याची पाळी सांगितली, जामखेडची एसटी सांगितली. बोलता बोलता तिच्या ध्यानात आलं की आज गिऱ्हाईक ती आहे. समोरच्या बाईकडे एकच माल आहे, तो हिला हवाय, आणि तिला द्यायचा नाही. शोरूममधलं प्रत्येक वाक्य आता उलटं फिरून तिच्याच अंगावर येत होतं.

"नऊ घे," झुंबरबाई म्हणाल्या.

"नऊ म्हणजे नापास, काकू."

"आमाला पांढरी पायजे हुती. तू म्हनलीस, पांढऱ्याला तीन महिनं लागत्याल, राखाडी आज हाय, राखाडीच घ्या, धूळ दिसत न्हाई. घेतली का न्हाई आमी?"

"घेतली."

"मग आज नऊ हाय. नऊ घे."

गोरक्षनाथ ओट्यावर बसून ऐकत होते. बायको घासाघीस करतेय म्हटल्यावर त्यांना मध्ये पडायचं काही कारण नव्हतं. त्यांना फक्त निकालात रस होता.

"काकू, काहीतरी वर घाला हो," मोनिका शेवटी म्हणाली. हे वाक्य तिने आजवर हजारदा ऐकलं होतं. मॅट वर घाला, सीटकव्हर वर घाला, गणपती वर घाला. म्हणायची वेळ पहिल्यांदा आली होती.

झुंबरबाईंचा चेहरा सैल झाला. मागितलं की द्यावंच लागतं, अशा घरातली ती बाई होती. "वर एक देते," त्या म्हणाल्या. "नऊ, आन् वर एक. भाजीवाली देती तसा. आता झालं का तुजं?"

मोनिकाने मनातल्या मनात बेरीज केली. झालं होतं! दहा न म्हणता दहा झाले होते. तिला त्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं.

तेवढ्यात फोन आला. गोरक्षनाथांनी स्पीकर लावला. पलीकडून एक मुलगी गोड हिंदीत बोलत होती. सर नाराज का आहेत, असं विचारत होती.

"नाराज नही," गोरक्षनाथ ओरडले, कारण मुलगी लांब होती. "खुश है! नऊ!"

"नौ, सर?"

"नऊ, और ऊपर एक!"

"सर, नौ या एक?"

"दोनी! नऊ भी लो, एक भी लो!"

"ताई, बेरीज करा!" मोनिका मागून कळवळून म्हणाली. पण मराठीत म्हणाली, आणि शिवाय ऐनवेळी गोठ्यातली म्हैस ओरडली.

पलीकडे बटणं टकटकली. मग मुलगी तितक्याच गोडीने म्हणाली, "ठीक है सर. नौ और एक, औसत पाँच. पाँच लिख दिया है. आपका दिन शुभ हो."

फोन बंद झाला. गोरक्षनाथ समाधानाने म्हणाले, "चला. शुभ म्हनली."

सोमवारी मोनिका काचेच्या खोलीसमोर गेली तेव्हा बॅगेत रुमाल तयार ठेवला होता. पण सर उभे राहून टाळ्या वाजवत होते. कंपनी गुण तर बघतेच, पण गुण किती वाढले हेही बघते. एकाचे पाच झाले होते. इतकी सुधारणा त्या महिन्यात आसपासच्या जिल्ह्यांत कुठेच नव्हती. नाराज पाहुण्याला जिंकून आणल्याबद्दल शोरूमला प्रशस्तिपत्रक आलं होतं. त्यावर नाव समर्थ सरांचं होतं, कारण छापायला जागा एकाच नावाची होती.

"तुमच्यासाठी याहून मोठी बातमी आहे, मॅडम," सर म्हणाले. "मालक म्हणाले, त्या भागातली माणसं हाताळू शकेल अशी एकच व्यक्ती आहे. जामखेडच्या दुकानाच्या प्रमुख तुम्ही!"

"प्रमुख म्हणजे हाताखाली कोण?"

"सध्या तुम्हीच."

टाळ्या झाल्या, हार झाला. सगळ्यांनी हक्काने पेढे मागितले. नुसती शिक्षा झाली असती तर निदान पेढे तरी वाचले असते, असं मोनिकाला वाटलं.

घरी आल्यावर तिने हार खुंटीला अडकवला आणि रडायला बसली. ज्ञानेश्वरीने "अगं, मी करीन ना अभ्यास," असं फार पटकन म्हटलं. त्याने मोनिकाला जास्तच रडू आलं. आत्या लसूण सोलत होत्या. त्यांनी सगळी हकीकत ऐकून घेतली. अकरा, नऊ, वर एक आणि पाच. मधे एकदाच "म्हस का वरडली?" एवढं विचारलं. शेवटी म्हणाल्या,

"एकावर पूज्य म्हनायचं."

"काय?"

"एकावर पूज्य. शून्याला आमी अंकलिपीत पूज्यच म्हनायचो. एकावर पूज्य, एकावर एक, एकावर दोन. दहा कोन म्हनायचं? आन् पूज्य म्हनलं की कोन नको म्हनंल? देवाचाच शब्द हाय. ती बाई हात जोडून बोलली असती."

मोनिकाने डोळे पुसले. "अहो आत्या, मग हे आधी का नाही सांगितलं?"

"तू इचारलं का?" आत्या म्हणाल्या.

खरं होतं ते. मोनिका जगभराच्या माणसांना विचारत फिरायची, गाडी कशी, कॉफी कशी, मी कशी. या ओट्यापाशी ती कधी काही विचारत नव्हती. काय उत्तर येईल ते पाठ होतं म्हणून.

आत्यांनी लसणाची टरफलं सुपात झटकली. "जायचं तर जा जामखेडला. पोरगीचं मी बगते. हिच्या हातातलं ते डबडं माज्या उशाखाली राहील." ज्ञानेश्वरीचा चेहरा पडला. "आन् डबा मी करून देईन. यष्टीत उपाशी नको बसू."

आत्या आणि डबा! लग्न झाल्यापासून आत्यांनी कुणाला डबा करून दिला नव्हता. करायच्या त्या फक्त परीक्षण.

जामखेडच्या शेडमध्ये पहिल्या दिवशी पत्रा तापला, पंखा गरम हवा फेकत राहिला, आणि दुपारपर्यंत एकच पाहुणा आला. त्याला पत्ता विचारायचा होता. मोनिकाने टेबलावर डबा उघडला. वांग्याची भाजी होती. मीठ जरा पुढे गेलं होतं, आणि तेल आत्यांच्या स्वभावाच्या उलट, म्हणजे सढळ होतं. निम्मी भाकरी झाली आणि फोन वाजला.

"पोचलीस का?"

"पोचले आत्या. ज्ञानी अभ्यासाला बसली का?"

"बसवलीय." मग पलीकडे खाकरल्याचा आवाज आला. इकडचं तिकडचं झालं. पाणी आलं होतं, गॅसवाला येऊन गेला होता. फोन काही ठेवला जाईना. शेवटी आत्यांनी विचारलं, अगदी सहज विचारावं तसं, "भाजी कशी झाली?"

मोनिकाच्या जिभेवर शोरूममधलं उत्तर आलं होतं. 'एकदम मस्त! दहापैकी दहा!' पण तिने ते गिळलं. समोरचा माणूस ओळखून बोलायचं, याच कामाचा तर तिला पगार मिळत होता.

"वाईट न्हाई झाली," ती म्हणाली.

"व्हय का," आत्या म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

संध्याकाळी ज्ञानेश्वरीने आईला सांगितलं की आजी आज शेजारच्या तीन घरांत जाऊन आली. काही काम नव्हतं. भाजी कशी केली, ते सांगायला गेली होती.